हिरकणी, मुक्काम एडिसन

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. अंगावर पाजणाऱ्या आईला नोकरीच्या ठिकाणी दूध काढायला जागा द्यावी, ती आडोशाची असावी, तिथे कोणी मध्येच घुसू नये आणि ती जागा म्हणजे स्वच्छतागृह नसावं. ही शेवटची अट मुद्दाम घालावी लागली, यावरून आधी काय चालत असेल ते ओळखावं. नियम आला २०१० साली. त्यातून निसटलेल्या शिक्षिका, परिचारिका वगैरेंना तो लागू व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला. बाळंतपणाच्या रजेबद्दल तर बोलायलाच नको. भारतात २०१७पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. इथला केंद्रीय कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी. आमच्या न्यू जर्सीने त्यात थोडी भर घातली आहे, म्हणून निभावलं.

तर रजा संपली आणि बायको पंप घेऊन कामावर रुजू झाली. दर तीनेक तासांनी ती मीटिंगमधून उठते. कॅलेंडरवर नुसतं ‘बिझी’. तिच्या टीममधल्या एका नव्या मुलाला बरेच दिवस वाटत होतं, की बाई कुठल्या तरी गुप्त प्रोजेक्टवर आहेत. तसं ते खोटंही नव्हतं.

या पंपाच्या इतिहासात एडवर्ड लास्कर नावाचा गृहस्थ आहे. बुद्धिबळातला नामांकित खेळाडू (जगज्जेता इमॅन्युएल लास्कर तो वेगळा), पेशाने इंजिनिअर. त्याने १९२०च्या दशकात दूध काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आमच्या एडिसन गावातल्या इंजिनिअर बापांना हे फार दिलासा देणारं आहे. या खात्यात आपल्या जमातीच्या नावावर काहीतरी जमा आहे. रात्री दोन वाजता पंपाची घरघर सुरू झाली, की मला त्यात ‘झोप आता, झोप आता’ असं ऐकू येतं. तिला म्हणे ‘चहा ठेव, चहा ठेव’ ऐकू येतं. उठतो मीच.

सुरुवातीचे आठवडे मात्र विनोदाचे नव्हते. बाळाला स्तन नीट तोंडात पकडता येत नव्हता, ती ओठ चावून पाजायची आणि दुखणं थोडं कमी झालं की पुन्हा बाळाची वेळ व्हायची. कुणी पावडरच्या दुधाचा डबा हाती दिला असता तर मी अडवलं नसतं. डब्याच्या दुधावरही मुलं छान वाढतात आणि ज्या आईला तो लागतो तिने मान खाली घालायचं कारण नाही. पण हिने ठरवलं होतं. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या त्या अळीव, डिंक आणि शतावरी कल्प घेऊन. दवाखान्याने स्तनपानाची सल्लागार पाठवली, ती उशा आणि बाळाला धरायच्या पद्धती घेऊन. दोघींची जुंपेल, या आशेने मी खुर्ची ओढून बसलो होतो. पण दोघींचं एकमत झालं: बाळंतिणीने पोटभर खावं, भरपूर पाणी प्यावं आणि जावईबापूंनी मध्ये बोलू नये.

आता फ्रीझरमधून उकडीचे मोदक आणि पराठे हद्दपार झालेत. तिथे तारखा घातलेल्या पिशव्या आडव्या रचलेल्या असतात. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. हा पाढा मला झोपेतही म्हणता येतो. मध्ये ती कामासाठी डॅलसला गेली. विमानात शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नेता येत नाहीत, पण आईच्या दुधाला त्यातून सूट आहे. बाळ बरोबर असायलाही लागत नाही. लोक प्रवासाहून चॉकलेटं आणतात. ही दोन दिवसांचं दूध बर्फात घालून घेऊन आली, बॅग दारात टाकली आणि आधी हात धुऊन बाळाला घेतलं.

तेव्हा मला रायगडावरची हिरकणी आठवली. दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेलेली गवळण. तिच्या नावाचा तिथे बुरूज आहे आणि आपल्या एसटी स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी ‘हिरकणी कक्ष’ही आहेत. शाळेत ऐकलेल्या त्या गोष्टीत तिचा नवरा कुठे होता, हे बाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एडिसनच्या हिरकणीचा नवरा सिंकपाशी असतो.

तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्या तमाम होऊ घातलेल्या बापांना विनंती, की बायकोचं कौतुक करायचं असेल तर पंपाचे भाग धुवायला घ्या. सुटे करून, गरम पाण्यात, साबण लावून, दर वेळी. त्यातल्या इवल्याशा पांढऱ्या झडपा आधी गाळणीत टाका. त्या मोरीत वाहून जातात, आणि जातात त्या नेमक्या दुकानं बंद झाल्यावर.