सोमवारचे तर्कतीर्थ

वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींना तर्कतीर्थ व्हायला बरीच वर्षं अध्ययन करावं लागलं. आमच्या सावेडीच्या तर्कतीर्थांना ही पदवी चहाच्या टपरीने एका सकाळीत बहाल केली.

वय सव्वीस. नागापूर एमआयडीसीत दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. खांद्यावर डब्याची पिशवी, हातात तडा गेलेला मोबाईल. हा तडा साधा नाही. 'टॉवर ऑफ गॉड'मधल्या एका पात्राच्या गालावर जखमेची खूण आहे, असं धरून यांनी तीन आठवडे तर्क लढवला. शेवटी गॅरेजवाल्याने स्वतःचा मोबाईल पुढे केला. त्यात गाल गुळगुळीत होता.

ही कोरियन चित्रकथा सिऊ या टोपणनावाच्या चित्रकाराने २०१० साली इंटरनेटवर सुरू केली. अंगठ्याने वर सरकवत वाचायची. बाम नावाचं पोरगं, त्याची मैत्रीण रेचल. तिला आभाळ बघायचंय म्हणून ती एका अचाट मनोऱ्यात शिरते, हा तिच्या मागे. मजल्यामजल्यावर परीक्षा. आणि पहिल्या पर्वाच्या शेवटी तीच रेचल त्याला ढकलून देते. का ढकललं, हा तर्कतीर्थांच्या डॉक्टरेटचा विषय. जहाड राजा एकशे चौतिसाव्या मजल्यावर थांबला, मग त्याच्या वर काय आहे, हा जोडविषय.

नवा भाग सोमवारचा. येतो तेव्हा येतो. २०२० साली चित्रकाराने तब्येतीसाठी जवळजवळ वर्षभर सुट्टी घेतली. बाकीचे वाचक हळहळले. तर्कतीर्थांचा मात्र तो सुवर्णकाळ होता. नवं पान नाही, म्हणजे तर्क खोटा ठरायची भीती नाही!

वडील पाथर्डी तालुक्यात शेती करतात. पोरगं दिवसरात्र टॉवर-टॉवर करतंय हे ऐकून त्यांनी एकदा फोनवर आशेने विचारलं होतं, "कुणाच्या रानात बसवणार हायेत? भाडं किती देतेत?"

परवाची गोष्ट. तर्कतीर्थांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मनोरा काढला, त्यावर चहाच्या ग्लासाचे दोन गोल उमटले, त्यांनाही मजल्यांत धरलं आणि प्रवचन सुरू केलं. गॅरेजवाल्याच्या जिभेला कोरियन नावं पेलत नाहीत. तो म्हणाला, "थांब राव. म्हणजे त्या ह नं त्या ह ला ढकललं, ते त्या ह साठी?"

टपरी हसून लोळली. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधल्या प्राध्यापक बारटक्क्यांची ही ह ची बाराखडी. ते नाटक लिहिणारे आणि बारटक्के रंगवणारे मधुकर तोरडमल इथल्याच अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे नगरकरांना हा विनोद वडिलोपार्जित जमिनीसारखा वाटतो. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी वहिवाट आपली.

एकदा जुना विनोद निघाला की गाडी 'अशी ही बनवाबनवी'वर जाणारच. सिनेमा १९८८चा, तेव्हा यांतला एकही जन्मला नव्हता. तरी पूर्ण वाक्य बोलायची गरज पडत नाही. कुणी नुसतं 'इस्राईल' म्हटलं की दुसऱ्याच्या नाकात चहा जातो. मनोऱ्याच्या गोष्टीत पुढचं काहीच ठाऊक नसतं आणि इथे पुढचा शब्दन् शब्द पाठ असतो. तर्कतीर्थांचा चेहरा दोन्हीकडे सारखाच उजळतो.

त्या दिवशी तर तो पेटलाच. "अरे, दुसऱ्या पर्वात बाम केस वाढवून, नाव बदलून परत येतो. परशाची पार्वती झाली तसा! ही सगळी बनवाबनवीच आहे."

गॅरेजवाला गंभीर झाला. "मग लीलाबाई काळभोर कोण?"

तर्कतीर्थांनी डोळे मिटले. चहावर साय धरली. "एकशे पस्तिसाव्या मजल्यावर असतील. घरमालकीण वरच राहते."

यावर कुणालाही आक्षेप घेता आला नाही. असल्या तर्कांना नगरची हवा मानवते. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली अष्टकोनी मनोरा आहे, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. अख्खा जिल्हा त्याला चांदबीबीचा महाल म्हणतो. मीही म्हणतो. खरं माहीत असूनही म्हणतो.

साडेबारा झाले. पाळीची वेळ झाली म्हणून तर्कतीर्थ उठले. लग्नपत्रिका घडी घालताना सहज उलटली गेली, तेव्हा कळलं की लग्न सख्ख्या आतेभावाचं होतं आणि आदल्या दिवशीच लागलं होतं.

तेवढ्यात टपरीवाल्याने उधारीची वही काढली. "सत्तर रुपये झालेत, शेठ."

तर्कतीर्थांनी मान खाली घातली, आवाज जड केला आणि ते सत्तर रुपये वारल्याचं जाहीर केलं. सगळे हसले, टपरीवालाही हसला. सिनेमा त्याने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा पाहिलाय.

वहीत सत्तर रुपये अजून हयात आहेत.