एल्डरबेरी लावा, नुकसान मोजा

न्यू जर्सीत घर घेतलं, मागच्या अंगणात वांगी-मेथी लावून झाली, आणि आता पक्ष्या-माश्यांसाठीही काही करावं असं मनात येऊ लागलंय. उत्तम. अट एकच: पानाला भोक दिसलं की कडुनिंबाच्या तेलाची बाटली घेऊन धावायचं नाही.

आधी झाड नीट ओळखून आणा. नर्सरीत काळ्या, कातरलेल्या पानांची एक नखरेल एल्डरबेरी पुढेच मांडलेली असते. ती युरोपातली. आपल्याला हवी ती इथलीच, सँब्युकस कॅनडेन्सिस; हायवेलगतच्या चरांत वाढते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. एक झाड एकटं फारसं फळत नाही, म्हणून ‘ॲडम्स’ आणि ‘यॉर्क’ अशी दोन वेगळ्या वाणांची रोपं घ्या. छपराचं पाणी जिथे पडतं आणि लॉन कायम चिखलात असतं, ती जागा हिला मानवते. रोप काडीएवढं दिसलं तरी आठ-दहा फूट जागा सोडा.

पहिल्या वर्षी काहीही होणार नाही. तशी तयारी ठेवा.

मग एका जूनमध्ये ताटलीएवढे पांढरे फुलोरे येतील आणि पाठोपाठ नुकसान सुरू होईल. फांदीवर गडद निळा, पिवळ्या पट्ट्याचा एक देखणा भुंगेरा दिसेल. त्याच्या अळ्या खोड पोखरतात. कॅलिफोर्नियातला त्याचा चुलतभाऊ 1980 पासून केंद्रीय कायद्याच्या संरक्षणात आहे. त्याच्या इलाख्यात एल्डरबेरी तोडायची तर बिल्डरलाही कागदपत्रं करावी लागतात. तेव्हा तुमची एक फांदी वाळली म्हणून गळा काढू नका. वहीत नोंद करा: भुंगेरा, एक. दहा गुण.

ऑगस्टअखेर काळ्या-जांभळ्या फळांचे घोस लटकतात. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई याच सुमारास विचारतात, “अहो, याचं सरबत करू या का?” इथे मात्र थट्टा बाजूला. पानं, देठ, कच्ची फळं यांतून पोटात सायनाइड तयार होतं. 1983 साली कॅलिफोर्नियात एका मेळाव्यात तिथल्या एल्डरबेरीचा न शिजवलेला, पानं-देठांसकट काढलेला रस लोक प्यायले आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. पिकलेली फळं देठांवरून सोडवून, शिजवूनच वापरायची.

अर्थात तुमच्यावर ती वेळ येणार नाही. रॉबिन आणि कॅटबर्ड तुमच्या आधी उठतात. जाळी टाकायचा मोह झाला तर हे मार्गदर्शन इथेच मिटा आणि टोमॅटो लावा. घोस रिकामा दिसला तर पैकीच्या पैकी गुण. तुमच्या पांढऱ्या गाडीवर जांभळे डाग पडले तर बोनस, शेजाऱ्याच्या गाडीवर पडले तर मिठाईचा डबा घेऊन जा.

सोसायटीचं पत्र येईलच: ‘अनियंत्रित वाढ’. वाद घालू नका. झुडपापुढे विटांची सरळ रांग लावा आणि एक छोटी पाटी ठोका. त्याच पसाऱ्याला कड आली की लोकांना तो बेत वाटतो.

हिवाळा सरता सरता तीन वर्षांहून जुन्या फांद्या छाटा. त्यांना फळ कमी येतं. पण जमिनीलगत नको, हात-दीड हात खुंट ठेवा. आतला गर मऊ असतो, तो कोरून बारीक एकांड्या मधमाश्या घर करतात. तुम्हाला वाळकं लाकूड दिसेल, पण ती भरलेली चाळ असू शकते.

पुढे मुळांपासून फुटवे थेट लॉनमध्ये निघतील. मार्चमध्ये ते मुळांसकट काढून कुंड्यांत लावा आणि मराठी मंडळाच्या पाडव्याला घेऊन जा. फळं कधी मिळतात, असं कुणी विचारलं तर ऑगस्टअखेर, असं खरं ते सांगा. कुणाला, ते विचारल्याशिवाय सांगू नका.