टाळ्यांचा अनुशेष

६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्यात भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला. तिकिटांसाठी मारामार, आणि जो भेटेल त्याचा एकच प्रश्न: कुणाकडे पास आहे का? वीसच दिवसांनी, २६ तारखेला, त्याच मैदानावर रणजी करंडकाची अंतिम लढत सुरू झाली. विदर्भ विरुद्ध केरळ. संघ आपला, मैदान आपलं, स्पर्धा देशातली सर्वात मानाची. तुमच्या मोहल्ल्यातून किती जण गेले?

जे गेले नाहीत त्यांनी काय घालवलं ते ऐका. पहिल्या सकाळी विदर्भ ३ बाद २४. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावा जोडल्या. दानिश २१ वर्षांचा, रणजीचा पहिलाच हंगाम, आणि अंतिम सामन्यात १५३. शेवटी ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आला. विदर्भाचा तिसरा.

त्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला अजून सलते. केरळकडून सर्वाधिक धावा करणाऱ्यांत आदित्य सरवटे होता. आपला आदित्य. २०१९ च्या फेब्रुवारीत याच जामठ्यात, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने सौराष्ट्राचे ११ बळी घेतले होते. चेतेश्वर पुजारा तेव्हा ऑस्ट्रेलियात चार कसोटींत ५२१ धावा कुटून नुकताच परतला होता. सरवटेने त्याला पहिल्या डावात १ वर आणि दुसऱ्या डावात शून्यावर घालवलं. तोच माणूस सहा वर्षांनी पाहुण्यांच्या बाजूने उतरला आणि ७९ धावा करून गेला. खेळाडूने दुसऱ्या राज्यात जाणं गैर नाही. वसीम जाफर मुंबईहून आला, गणेश सतीश आणि करुण कर्नाटकातून आले, आणि आपण त्यांना डोक्यावर घेतलं. पण सरवटे गेला तेव्हा नागपुरात कुणी हळहळलं का? बहुतेकांना तो कधी होता हेच ठाऊक नव्हतं.

फैज फजलचं तेच. विदर्भाने १९५७-५८ मध्ये रणजीत पाऊल टाकलं आणि साठ वर्षं रिकाम्या हातांनी परत येत राहिला. फैजच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोन करंडक आले. भारताकडून त्याला खेळायला मिळालं ते एका सामन्यात: हरारे, २०१६, नाबाद ५५. पुन्हा बोलावणं नाही. निवड समितीने त्याच्यावर अन्याय केला, हे मी आजही म्हणतो. पण निवड समितीला जाब विचारायला मागे गर्दी लागते. गर्दी आपण कधी उभीच केली नाही.

मुंबई-पुण्याच्या क्रीडापानांनाही सांगायचंय. २०१७-१८ ते २०२४-२५ या काळात रणजीच्या सात स्पर्धा झाल्या. त्यातल्या तीन विदर्भाने जिंकल्या, मुंबईने एक. ती एक जिंकताना मुंबईने वानखेडेवर आपल्यालाच हरवलं, हे कबूल. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत आपण ८० धावांनी हिशेब चुकता केला. त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात एवढे बळी त्याआधी कुणी घेतले नव्हते. हा मजकूर पहिल्या पानाचा आहे. मुंबईचा पोरगा असता तर तिथेच छापून आला असता.

पण आधी आपलं घर. जामठा लांब आहे, हे खरं. जुन्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर माणूस कचेरीतून निघून चहापानानंतरचा खेळ बघून घरी जाई. जामठ्याला त्यासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. मग रणजीचे जमतील तेवढे सामने सिव्हिल लाइन्सला खेळवा. बाद फेरी जामठ्यातच ठेवायची असेल, तर मेट्रो खापरीपर्यंत जाते. तिथून मैदानापर्यंत बस लावा. आंतरराष्ट्रीय सामन्याला सगळी यंत्रणा हलते, रणजीच्या अंतिम सामन्याला चार बसगाड्या हलायला काय हरकत आहे? वर्धा, अमरावती, चंद्रपूरच्या शाळांना संघटनेने पत्र पाठवावं, पोरांना एक दिवस आणून बसवावं. ईडनवर रजनीश गुरबानीने २०१७ च्या उपांत्य सामन्यात शेवटच्या सकाळी कर्नाटकला पाच धावा कमी पाडल्या, तो थरार आपण टीव्हीवरच पाहिला. घरच्या मैदानावर तरी पोरांनी तो डोळ्यांनी बघावा.

खेळ साडेनऊला सुरू होतो. खापरीहून पहिली बस साडेआठला सुटली पाहिजे.