शताब्दी समिती स्थापन करा!

पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी सध्या एक अवघड हट्ट धरला आहे. त्यांना शरीराची, गर्भनिरोधाची आणि मनाच्या दुखण्यांची माहिती हवी आहे, आणि तीही याच वयात! त्यासाठी ती पथनाट्यं बसवतात, पोस्टर रंगवतात, प्राचार्यांच्या दाराशी अर्ज घेऊन उभी राहतात. मागण्या काय, तर महाविद्यालयात समुपदेशक असावा आणि तो परीक्षा विभागातून उसना आणलेला नसावा. पॅडच्या मशीनमध्ये पॅड असावेत. दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईंनी "लग्न झालंय का?" हे अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू नये.

या मुलांना पुणं कळलेलं नाही. पुणं सुधारणेच्या विरोधात कधीच नव्हतं. ती आपल्या हयातीत होऊ नये, एवढीच आमची माफक अपेक्षा असते.

र. धों. कर्व्यांचंच पाहा. पुण्यात शिकलेला हा गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२५ साली विल्सन महाविद्यालयातली नोकरी गेली. जुलै १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. वाचक हस्तमैथुनापासून समलिंगी संबंधांपर्यंत काहीही विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. सरळ उत्तर हा तेव्हाही गुन्हाच होता. १९३४च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. १९५३ साली कर्वे गेले, मासिकही थांबलं.

तेव्हापासून ते आम्हाला फार आवडतात. त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट निघाला, 'समाजस्वास्थ्य' नावाचं नाटक आलं. आम्ही तिकीट काढून पाहिलं आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना "काळाच्या किती पुढे होता हो माणूस!" असं एकमेकांना सांगितलं. तो अजूनही पुढेच आहे, कारण आम्ही जागचे हललेलो नाही. वडिलांच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या, नावाच्या रस्त्यावरून आता मेट्रो धावते. चिरंजीवांचा विषय मात्र अजून वर्गाच्या दारातच अडतो.

२००७ साली किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने शाळांमधून थांबवला. संस्कृती वाचली. मुलं मोबाइलवर शिकली. तिथला अभ्यासक्रम कोणत्या मंडळाने मंजूर केला, हे विचारायला मात्र एकही मोर्चा निघाला नाही.

कायद्याला तेवढा धीर नाही. मानसिक उपचार हा हक्क असल्याचं २०१७चा कायदा सांगतो. गर्भपाताच्या कायद्यात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये ठरवलं. हा निकाल दिल्लीहून निघाला खरा, पण रिसेप्शनच्या काउंटरपर्यंत अजून पोचायचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मानसिक आरोग्याची 'टेलिमानस' हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ हा नंबर फिरवा, चोवीस तास, फुकट. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत 'चपला बाहेर काढाव्यात', 'बोलू नये', 'फी आगाऊ भरावी' या सगळ्या पाट्यांना भिंत पुरते. पाच आकड्यांना पुरत नाही. कॉट बेसिसवर राहणारा एखादा पोरगा तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेत अडकतो आणि घरी फोन करून "सगळं ठीक आहे" म्हणतो. आम्हालाही ते ऐकायला बरं वाटतं.

तेव्हा पोरांनो, मागण्या सोडा आणि शताब्दी समिती स्थापन करा. जुलै २०२७मध्ये 'समाजस्वास्थ्य'ला शंभर वर्षं होतात. आरोग्याच्या हक्कासाठी अर्ज केलात तर पालकांचं संमतिपत्र मागतील. शताब्दीसाठी केलात तर सभागृह, शाल, श्रीफळ आणि चहा मिळेल. निरोध दाखवायचा तर काचेच्या पेटीत ठेवा आणि खाली 'ऐतिहासिक वस्तू' असं लिहा. विश्वस्त फीत कापतील, सहकुटुंब फोटो काढतील. समुपदेशकाला 'स्मृतिव्याख्याता' म्हणून बसवा, रांग आपोआप लागेल.

एक पथ्य तेवढं पाळा. कर्व्यांच्या फोटोला हार घाला, त्यांच्या धैर्यावर वाटेल तेवढं बोला, पण 'समाजस्वास्थ्य'चा एकही अंक उघडून व्यासपीठावरून वाचू नका. सभागृहाची परवानगी तिथल्या तिथे रद्द होईल.