बाहेर कोण जाणार, ते आधी सांगा

स्पर्धेतला डेक 60 कार्डांचा असतो ही समजूत आधी सोडा. तो 75 कार्डांचा असतो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाच्या नेहमीच्या स्पर्धेत मुख्य डेक किमान 60 कार्डांचा आणि साइडबोर्ड जास्तीत जास्त 15 कार्डांचा. तीनपैकी दोन डाव जिंकेल त्याचा सामना. पहिला डाव मुख्य डेकवर होतो, त्यानंतर साइडबोर्डमधली कार्डं आत घेता येतात. आता साधा हिशेब करा. सामना दोन डावांत संपला तर निम्मा खेळ साइडबोर्डनंतरचा, तिसऱ्या डावापर्यंत गेला तर दोन तृतीयांश. तरीही मुख्य डेकवर महिनाभर राबणारे खेळाडू या 15 जागा स्पर्धेच्या आदल्या रात्री भरतात आणि हरले की पिसण्याला दोष देतात.

आदल्या रात्री भरलेला साइडबोर्ड लगेच ओळखू येतो. ग्रेव्हयार्डवर, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगावर, चालणाऱ्या डेकची धास्ती, म्हणून चार कार्डं. आर्टिफॅक्टची धास्ती, म्हणून तीन. निळ्या डेकची धास्ती, म्हणून आणखी तीन. असं करत पंधरा जागा भरल्या, यादी भक्कम दिसायला लागली. पण यातलं एक कार्ड आत येईल तेव्हा बाहेर कोण जाईल, हे विचारा. उत्तर येत नाही. आणि साइडबोर्डची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे.

बर्न डेक घ्या. समोरच्याचे 20 लाइफ शक्य तितक्या लवकर संपवायचे, एवढंच त्याचं काम. कार्डाची किंमत मानामध्ये मोजतात; लाइटनिंग बोल्ट हे कार्ड एका मानामध्ये 3 डॅमेज करतं. अशी सात कार्डं लागली की डाव संपला. म्हणजे या डेकमधलं प्रत्येक कार्ड विजयाचा सातवा हिस्सा आहे. त्यातली पाच काढून नुसती आर्टिफॅक्ट फोडणारी पाच कार्डं घातलीत, तर समोरचा थोडा अडेल, पण तुमचा डेक जागीच बसेल. म्हणून जाणते बर्न खेळाडू स्मॅश टू स्मिदरीन्स घेतात. ते आर्टिफॅक्ट फोडतं आणि ते ज्याच्या ताब्यात आहे त्याला 3 डॅमेजही करतं. स्कलक्रॅकचंही तसंच: त्या टर्नपुरतं कुणालाच लाइफ वाढवू देत नाही, आणि वर 3 डॅमेज. चांगलं साइडबोर्ड कार्ड असंच असतं. समोरच्याला अडवताना ते आपल्या डेकचं काम थांबवत नाही.

आता संख्येकडे. ‘प्रत्येक शत्रूसाठी दोन-दोन’ ही वाटणी न्याय्य दिसते, पण आकडे तिला साथ देत नाहीत. 60 कार्डांत एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर सुरुवातीच्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता जवळपास 40 टक्के. दोनच प्रती असतील तर 22 टक्के. लेलाइन ऑफ द व्हॉइड सुरुवातीच्या हातात असेल तर एकही माना न मोजता थेट टेबलावर येतं आणि समोरच्याचं ग्रेव्हयार्ड बंद करतं. तेच उशिरा हाती आलं तर चार माना मोजायचे, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अशा कार्डाच्या चार प्रती घ्या, नाहीतर एकही घेऊ नका. दोन प्रती शोभतात त्या कोणत्याही टर्नला उपयोगी पडणाऱ्या कार्डांच्या.

दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलण्याचा रोग तर सगळीकडे आहे. मोठी स्पर्धा जिंकलेली 75 कार्डं म्हणजे त्या आठवड्यात त्या सभागृहात जे डेक येतील असा त्या खेळाडूचा अंदाज होता, त्याचं उत्तर. तुमच्या दुकानातल्या स्पर्धेत तेच डेक असतील कशावरून? 2019 चा उन्हाळा आठवा. जूनमध्ये आलेल्या, ग्रेव्हयार्डवर चालणाऱ्या होगाक या कार्डाने या खेळाचा मॉडर्न नावाचा फॉरमॅट व्यापला. 8 जुलैला त्याच डेकमधल्या ब्रिज फ्रॉम बिलो या कार्डावर बंदी आली, तरी ग्रेव्हयार्डचा धुमाकूळ थांबला नाही. शेवटी खेळाडू लेलाइन ऑफ द व्हॉइड साइडबोर्डमधून उचलून थेट मुख्य डेकमध्ये घालू लागले. 26 ऑगस्टला होगाकवरही बंदी आली आणि त्या उन्हाळ्यातल्या याद्या एका दिवसात जुन्या झाल्या. त्या चुकीच्या नव्हत्या, त्या उन्हाळ्याच्या होत्या. साइडबोर्डला तारीख असते, पत्ता असतो.

शिवाय समोरच्याकडेही 15 कार्डं आहेत, हे विसरू नका. ड्रेज हा ग्रेव्हयार्डवर चालणारा डेक खेळणाऱ्याला माहीत असतं की दुसऱ्या डावात लेलाइन येणार. तो ते फोडायला नेचर्स क्लेम आणतो. पण घाबरून अशी सहा-सात कार्डं आणली, तर त्याचं स्वतःचं यंत्र मंदावतं, आणि तुम्ही लेलाइन आणलंच नसेल तर ती कार्डं त्याच्या हातात नुसती पडून राहतात. अनुभवी ड्रेज खेळाडू म्हणूनच मोजकीच अदलाबदल करतात. गरजेपेक्षा जास्त कार्डं आत आणण्याचा हा मोह सगळ्यांनाच होतो. नियम एकास एक अदलाबदलीची सक्ती करत नाही, डेक 60 च्या वर गेला तरी चालतो. पण चालतं म्हणून करू नका. जादा कार्ड तुमच्या उत्तम कार्डांना तुमच्यापासून लांब ढकलतं.

मग करायचं काय? कागद घ्या. ज्या डेकशी गाठ पडण्याची खरी शक्यता आहे, त्यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे मुख्य डेकमधली निरुपयोगी कार्डं आधी मोजा. एखाद्या डेकविरुद्ध चारच कार्डं काढण्याजोगी असतील आणि तुम्ही त्याच्यासाठी नऊ राखून ठेवली असतील, तर पाच जागा फुकट गेल्या. उलट दहा कार्डं निरुपयोगी असतील आणि आत आणायला तीनच असतील, तर भोक तिथे आहे. पहिली चाल आपली असेल तेव्हाची आणि नसेल तेव्हाची अदलाबदल वेगळी लिहा, कारण उशिरा चालणाऱ्याला महागडी कार्डं परवडत नाहीत. ही टिपणं थोडक्यात लिहून सोबत न्या. दोन डावांच्या मध्ये ती बघायला नियमांची परवानगी आहे.

आणि सराव दुसऱ्या डावापासून सुरू करा. समोरच्याचा डेक कळल्यानंतर आपला बेत बदलायची मुभा या खेळात इथेच आहे, आणि बुद्धीचा कस इथेच लागतो. एकाच डावाचे ऑनलाइन सामने झटपट होतात हे खरं, पण ते खेळून हे कसब अंगी येत नाही. तीन डावांचे सामने खेळा. साइडबोर्डमधल्या ज्या कार्डाला ‘कोणाच्या जागी?’ याचं उत्तर देता येत नाही, ते आजच काढून टाका, मग ते कितीही गाजलेलं असो.