मासोळीवालीचा शब्द

सुशीच्या खऱ्या दुकानात मेनूकार्ड मागत नाहीत. ‘ओमाकासे’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’, आणि गप्प बसायचं. टोकियोच्या गिन्झा भागात जिरो ओनो यांचं तळघरातलं दुकान आहे. बसायला फक्त 10 जागा. स्वयंपाकी समोर उभा राहून भाताचा घास हातानं वळतो, वर मासा ठेवतो. समोर आला की लगेच खायचा. 2011 साली या म्हाताऱ्यावर माहितीपट निघाला आणि आपल्याकडचेही खवय्ये भारावले.

भारावले, पण अर्धंच पाहिलं. जिरोंचा टूनावाला वेगळा, कोळंबीवाला वेगळा, तांदूळवाला वेगळा. मासळीच्या बाबतीत मासळीवाल्याचा शब्द अखेरचा. तांदूळवाल्यानं तर एका बड्या हॉटेलला आपला तांदूळ दिला नाही. तो शिजवणं त्यांना जमायचं नाही, म्हणाला. त्या दहा खुर्च्यांमागे ही माणसं आहेत. जिरो त्यांच्या शब्दावर विसंबतात.

आता भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या करडीला या. इथं सुशीचं काउंटर नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. भात आणि मासोळी ही इथल्या घराघरातली जोडी. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांचा हा जिल्हा, आणि त्या पाण्यातला मासा इथल्या मासेमार ढिवरांइतका कोणाला कळत नाही. सुशीचं जुनं रूप तरी कसलं? जपानच्या बिवा तलावातला मासा मीठ लावून भातात महिनोन्‌महिने मुरवतात, तो जपानमध्ये टिकलेला सुशीचा जुन्यातला जुना प्रकार. तलाव आणि धान, म्हणजे आपल्यासारखाच मुलूख. (आपल्या तलावातली मासोळी मात्र कच्ची खाऊ नका. पोटात जंत जातील. इथं रस्साच बरा.)

मग ओमाकासे आपल्याला नवं कसं? बाजारात टोपली घेऊन बसलेली ढिवरीण सांगतेच की, “भाऊ, आज मरळ नोको घेऊ, वाघूर ने.” तिच्या घरच्यांनी रात्री जाळं टाकलंय, पहाटे काढलंय. टोपलीतलं कुठलं कधीचं, हे तिला ठाऊक. आणि आपण? वीस रुपयांसाठी तिच्याशी हुज्जत घालतो, वर कल्ले उचकटून तिलाच खोटं ठरवतो. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात मात्र आपणच न विचारता बिल भरतो. हे मला सहन होत नाही.

टोपलीही आता पूर्वीसारखी भरत नाही. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभालीला कोणी उरलं नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, रोहू-कटल्याचं बीज सोडलं गेलं आणि देशी मासोळी मागे पडली. ती परत येऊ शकते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांना सोबत घेतलं, बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे पुन्हा दिसू लागले. पाण्यात उतरून हे काम केलं ते ढिवर बायामाणसांनी.

येत्या बाजारी टोपलीपुढे बसा. “बाई, आज काय चांगलं निघालं?” एवढंच विचारा. ती सांगेल ते, ती सांगेल त्या भावात घ्या.