दिवाळे ते नागपूर, व्हाया समुद्र

25 डिसेंबर 2025ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि आमच्या दिवाळे गावात जो तो ऐटीत सांगू लागला, "एअरपोर्ट ना? समोरच!" समोर आहेच. मध्ये फक्त खाडी आहे.

या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. आमच्या रिक्षावाल्याला मात्र कुणी वळवू शकलेलं नाही. "तिकडनं परतीचं भाडं मिळत नाय," म्हणून तो निघून गेला. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या दादूसला माझी दया आली. "होरीन बस, पलीकरं सोरतो." पण त्याचं वेळापत्रक तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा. माझं बोर्डिंग ऐन ओहोटीत येत होतं. चाकाची बॅग चिखलातून ओढत विमानतळावर उगवलेला प्रवासी सुरक्षा तपासणीत कसा दिसेल, या विचारानं मी टॅक्सी बोलावली. किल्ला जंक्शन, सिग्नल, आम्र मार्ग, पुन्हा सिग्नल. समोरचं विमानतळ कधी डावीकडे गेलं, कधी मागे.

तिकिटावर नागपूर दीड तासावर होतं. सरळ रेषेत अंतर सुमारे 670 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 800च्या घरात. त्रैराशिक मांडलं तर पन्नास मिनिटं. उरलेला वेळ कुठे मुरतो? तर वेळापत्रकातलं घड्याळ विमान उडाल्यावर नव्हे, जागेवरून हललं की सुरू होतं आणि तिकडे जागेवर जाऊन थांबलं की बंद. म्हणजे धावपट्टीपर्यंतची रमतगमत रपेट, पुढच्या विमानाचं आटपेपर्यंतचा खोळंबा, चढण, उतरण, सगळं त्यातच. दोन तास आधी येऊन खुर्चीत बसणं मात्र कुणाच्याच हिशेबात नाही. त्या वेळात गावातली बाई मासळी विकून, घरी जाऊन, कालवण करून मोकळी होते.

अखेर उडालो, तेही उलट्या दिशेनं! विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वारा होता पश्चिमेचा. नागपूर पूर्वेला, नाक अरबी समुद्राकडे. शेजारच्या आजींनी माझा दंड धरला. "अहो, हे दुबईला तर नाही ना चाललं?" मी वाऱ्याचं शास्त्र सांगू लागलो. आजी म्हणाल्या, "ते असू द्या. आधी कुणाला तरी विचारा." तेवढ्यात विमान कलंडून वळलं. खाली तीच खाडी, त्याच होड्या. सकाळपासूनच्या धावपळीनंतर आम्ही दिवाळ्याच्या आसपासच होतो, फक्त उंचावर.

पुढचं नागपूर आजींचा चहा निवायच्या आत आलं म्हणायला हरकत नाही. बाहेर मेहुणा ताटकळत उभा.

"दीड तासाची फ्लाइट न् भाऊजी, सकाळपासून काय करून राह्यले तुम्ही?"